धाकट्याचा पहिला नंबर

मास्तर : सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आजवर एकाही माणसाने ठेवलेला नाही.

कुलूपवाला : मग सांगताच कशाला, मास्तर? मी काही गोष्टी ऐकायला दुकान बंद करून आलेलो नाही. हा तुमचा ट्रंपेट, ही त्याची पेटी. पोरीची शिकवणी आजपासून बंद. सहामाहीत तीन विषय उडालेत. गणितात तर भोपळा.

मास्तर : भोपळा म्हणजे निदान पदरात काहीतरी पडलं. आमच्या धाकट्याला गुरुजी तेवढंही देत नसत.

कुलूपवाला : कोण, तुमचा भाऊ?

मास्तर : सख्खा. खोटं वाटत असेल तर हिला विचारा. ही आमची थोरली.

ताई : मला मध्ये ओढू नकोस. तुझे पतंग तू उडव.

मास्तर : तर आमचा धाकटा. चौथीत इतकी वर्षं बसला की बाकाला त्याचा आकार आला. हजेरी घेताना गुरुजी आधी फळ्याचं नाव घेत, मग खडूचं, मग ह्याचं. एकदा विचारलं, तीन चोक किती? हा म्हणाला, "आज नको, गुरुजी."

ताई : एवढं मात्र खरं आहे.

कुलूपवाला : आमचीही त्याच माळेतली. त्यात तुमच्या नादी लागली. दिवसभर नुसतं पूं-पूं. आधी निदान दार लावून वाजवायची, हल्ली खिडकी सताड उघडून वाजवते. समोरचा शिंपी मला विचारतो, घरात रेडा आजारी आहे का?

मास्तर : शिंप्याचं काय ऐकता! कापड बेतताना त्याने एकदा स्वतःचेच कान बेतलेले दिसतात. तुम्ही माझं ऐका. आमच्या शेजारी एक म्हातारा बँडवाला राहायचा. त्याने धाकट्याच्या हातात ट्रंपेट दिला. ह्याने पहिली फुंकर मारली, आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ सुरू झालं!

ताई : घड्याळ पडलं. माझ्या पायावर.

मास्तर : पडून सुरू झालं. मग पाढे. बेचा पाढा अगदी खालच्या सुरात, तिथून एकेक पायरी वर. एकोणतीसच्या पाढ्याला सूर एवढा चढला की शाळेच्या काचा तडकल्या. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "बाळा, तिसाच्या पुढे जाऊ नकोस, छप्पर आत्ताच नवीन घातलंय."

कुलूपवाला : मास्तर, मी कुलपं दुरुस्त करतो. "किल्ली आपोआप तुटली हो" म्हणणारी गिऱ्हाईकं रोज बघतो. तुम्ही त्या सगळ्यांचे आजोबा शोभाल.

मास्तर : इतिहासाचं तर विचारूच नका. प्रत्येक राजाला त्याने वेगळी चाल लावली. लढाई हरलेल्या राजाचा सूर मुद्दाम फाटका. ट्रंपेटला तीन खटके असतात ना, तर परीक्षेत हा बाकावर तीन बोटं आपटत उत्तरं आठवत बसला. पर्यवेक्षकाला वाटलं, खुणा करतोय. म्हणाला, हात बुडाखाली घेऊन बस. बसला बिचारा. पायाच्या अंगठ्यात पेन धरून पेपर लिहिला, वर पुरवणी मागितली.

कुलूपवाला : पायाच्या अंगठ्याने!

मास्तर : हातापेक्षा अक्षर बरं आलं. निकाल लागला तर हा पहिला. एका शाळेत नव्हे, गावातल्या झाडून साऱ्या शाळांत. हेडमास्तरांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. त्या दिवसापासून ते वाकले ते वाकलेच.

कुलूपवाला : अंगठा सोडा, काचा सोडा, ते मलाही कळतं. पण पोरगा नापास होत होता आणि वाजवायला लागल्यावर पहिला आला, एवढं तरी खरं ना?

मास्तर : गळ्याशपथ!

कुलूपवाला : म्हणजे मग आमचीसुद्धा...

मास्तर : वार्षिकात बघाच तुम्ही. पहिली नाही आली तर नाव बदलीन.

कुलूपवाला : तुमच्या नावाचं मी काय लोणचं घालू? बरं, ठीक आहे. वार्षिकापर्यंत शिकू दे तिला. पण आज घरी गेल्या गेल्या तिला बजावतो, मास्तरांनी शब्द दिलाय, नंबर आलाच पाहिजे. नाही आला तर हा भोंगा भंगारात, आणि ती शाळा सोडून माझ्या दुकानात किल्ल्या घासायला.

ताई : थांबा. ती पेटी उचलू नका.

मास्तर : ताई, झालं ना आता सगळं. कशाला उगाच...

ताई : तू गप्प बस! शब्द तू देणार आणि बोलणी ती पोर खाणार. जन्मभर हवेत इमले बांधलेस, कुणाचं काही बिघडलं नाही. आता त्यात दुसऱ्याच्या पोरीला राहायला पाठवतोस?

कुलूपवाला : म्हणजे पहिला नव्हता आला?

ताई : पहिला कसला! नापास झाला. ट्रंपेट हातात आला त्या वर्षी झाला, त्याच्या पुढच्या वर्षी झाला. मग कधीतरी रडतखडत निघाला.

मास्तर : निघाला ना? मी तेच तर...

ताई : तू गप्प म्हटलं ना.

कुलूपवाला : (पेटी मांडीवर घेऊन खाली बसत) मग एवढं फुंकून फुंकून त्याला मिळालं काय, ताई?

ताई : दर निकालाला धाकटा माळ्यावर ट्रंकांच्या मागे लपून बसायचा. शाळेत बघायला जायचे मी. परत येऊन खालूनच ओरडायचे, "नापास आहेस, उतर आता." ट्रंपेट आला त्या वर्षी मी चपला घालतेय, तर हा दारात उभा. आंघोळ केलेली, भांग पाडलेला. म्हणाला, "तू नको येऊस." एकटा गेला. आला तो म्हणाला, "नापास." आणि हात धुऊन जेवायला बसला.