मोडक्या वादळाचं पाणी

माझं माहेर वर डोंगरातलं, शिवथरच्या वरच्या अंगाला वाडी, तिथं पाणी पडलं की खाली पळालं, दारात कधी थांबायचं नाय. लगीन करून दिलं ते खाली पोलादपूरच्या बाजूला, सावित्रीच्या काठाला. आई बोल्ली, बरं झालं, घागर घेऊन चढायला लागणार नाय. पण त्या घरात दोन सख्खे भाव, एक माझा नवरा नि एक धाकटा दीर बाळू, आनि दोघं एकमेकांशी बोलत नाय, हे आईला कोणी सांगितलंच नव्हतं.

का बोलत नाय, तर नणंदेच्या लग्नात ह्यांनी भावजींना पंगतीतनं उठवून दुसऱ्या पंगतीला बसवलं. एवढंच, काय सांगू तुमाला. त्यापायी घराच्या मधी कूड घातला. भावजींचं लगीन झालेलं नव्हतं, तरी चूल वेगळी, स्वतः भाकऱ्या थापायचे, त्या करपवायचे, पण दादाच्या घरचं खायचे नाय. आनि निरोपाला मी. हे बोलायचे, सांग गो तुझ्या दिराला, बैल सुटलाय. कुडाच्या पल्याड सगळं ऐकू जातंय, तरी मी परत सांगायचं, मंगच तो माणूस उठणार.

त्या सालात पाऊस सरला व्हता, दसरा झाला, भात कापून शेतात वाळत पसरलेलं. हे बाजारातून आले नि बोलले, हाटेलातल्या रेडिओवर सांगत व्हते, मद्रासच्या अंगाला वादळ जमिनीवर चढून मोडलंय, त्याचं उरलंसुरलं इकडं घाटावर येतंय. सांग तुझ्या दिराला, भारे उचल. भावजींचं शेत नदीच्या वळणात, गाव नि शेत यांच्या मधी एक पऱ्या, तेव्हा घोट्याएवढं पाणी. मी सांगितलं. भावजी बोलले, मोडलेल्या वादळाला कोण भितो, तुझ्या नवऱ्याला सांग, माझं शेत मी बघीन.

दुसऱ्या दिवशी आमच्यावर चांगलं ऊन, आनि महाबळेश्वराकडं डोंगर दिसेना, निसता काळोख. दुपारी नदीचा आवाज बदलला. आमी दोघं धावत गेलो तर पऱ्यातून तांबडं पाणी, त्याच्यात आख्खी झाडं, आनि भावजी पल्याडच्या बांधावर भारे रचतायत.

ह्यांनी बैलांचा कासरा आनलेला, त्याचं एक टोक आंब्याला बांधलं, दुसरं पल्याड फेकलं, नि मला बोलले, सांग त्याला, भारा टाक, दोर कमरेला बांध. मी बोंबलून सांगितलं. पल्याडून भावजी, सांग तुझ्या नवऱ्याला, मला अक्कल शिकवू नको. पाणी त्यांच्या मांडीला लागलं आनि हे मला परत बोलतात, सांग त्याला.

मंग माझं डोकं फिरलं. मी चिखलात बसले. बोल्ले, आता मी काय सांगायची नाय. तुमचा भाव हाय, बुडवा नायतर काढा.

मंग ह्यांनी पाण्याकडं तोंड करून हाक मारली, बाळू, दोर बांध रे. आवाज असा फाटला की मला वळखू आला नाय. भावजींनी हातातला भारा सोडला, दोर बांधला. आमी दोघांनी वढला, मधीच एक ओंडका आला, भावजी खाली गेले, परत वर आले. काठाला आनला तर तो माणूस खोकतोय, पाणी ओकतोय, आनि पहिला शबुद काय, तर दादा, पंगतीतनं मला का उठवलंस? हे बोलले, अरे पाट कमी पडले रे. नि आपलं धोतर पिळून त्याचं डोकं पुसत बसले.

त्याचं भात गेलं ते गेलंच, रातीला पाऊस आमच्यावर पन आला, आमचं भिजून त्याला मोड आले. ते साल माझ्या माहेरच्या नाचणीवर काढलं, एका चुलीवर.

आता दोघं म्हातारे झालेत, दिवसभर वटीवर बसून भांडतात. भारा आधी सोडला का दोर आधी बांधला, ओंडका आंब्याचा का सावरीचा. मी जेवायला हाका मारते, एक ऐकत नाय. कान किटले माझे. पन घाटावर काळं दिसलं की एक उठतो, दुसऱ्याचा हात धरून वरच्या देवळात जातो, मला इचारत पन नाय, मी आपली गाठोडं घेऊन मागनं. असू दे. देवानं दोघांचा आवाज शाबूत ठेवावा.