फहदला नापास केलं त्याची गोष्ट

कुणाला नापास करणं वाटतं तितकं सोपं नसतं. मी केलंय, म्हणून सांगतो.

सौदीत आमच्या प्लांटवर सौदीकरण आलं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायचा नियम, आणि फहद नावाचा नवा इंजिनिअर माझ्या हाताखाली दिला. सहा महिन्यांत त्याला माझं काम शिकवायचं आणि आपण नाशिकला परतायचं. म्हणजे स्वतःच्याच हाताने स्वतःला घरी धाडायचं!

ईदच्या सुट्टीत तो मला आपल्या गावी, अभाच्या डोंगरात घेऊन गेला. खाली दरीत जुनिपरचं जुनाट जंगल, वर धुकं. सौदीत मी स्वेटर घातला, राव!

एका वाकड्यातिकड्या बुंध्याला म्हशीसारखं थोपटत फहद म्हणाला, "उस्ताद, हे झाड माझ्या खापरपणजोबांच्याही आधीचं आहे. मला इथेच राहून लोकांना जंगल दाखवायचंय. पण वडील म्हणतात, प्लांटवरच जा."

"मग?"

"मला नापास करा ना!"

मी शक्य तितका दुःखी चेहरा केला. "तू एवढं म्हणतोस, तर करतो बाबा."

परत येऊन रिपोर्टमध्ये ठासून लिहिलं, 'हा कधीच शिकणार नाही.' फहद सुटला. आठवड्याने मॅनेजरने मला बोलावलं.

"सहा महिन्यांत एका माणसाला शिकवता आलं नाही तुम्हाला? मग तुमचा उपयोग काय? खलास!"

नाशिकला येऊन चार महिने होतात, तोच फहदचा फोन.

"उस्ताद, जंगल बघायला तुमच्याकडचे लोक फार यायला लागलेत. मदतीला या. सहा महिन्यांत सगळं शिकवतो. आणि घाबरू नका, मी नापास नाही करणार!"