देवापुढचा पहिला बोल्ट

अंकिता : आई, निरांजन राहू द्या. आधी ती डबी काढा.

विजयमाला : कसली डबी?

अंकिता : दसऱ्याला मशीनवरचा पहिला बोल्ट तुम्ही देवापुढं ठेवता ना, ती. वीरचा फोन आला होता इस्लामपूरहून. आपले बोल्ट घेणाऱ्या धैर्यशीलदादांच्या शेडमध्ये आज ट्रॉलीचं चाक आवळताना बोल्टचं डोकं निघून हातात आलं. एक नाही, तीन.

विजयमाला : आपलेच कशावरून?

अंकिता : डोक्यावर आपला शिक्का आहे. डोक्याखाली गोल चर पडलाय, केसाएवढा. तिथंच तुटलं.

विजयमाला : मग तुझं गेज काय करत हुतं?

अंकिता : गेज लांबी बघतं, जाडी बघतं. दोन्ही बरोबर आहेत. गळ्यातला चर त्याला कळत नाही. माझी चूक आहे, नंतर बोला मला. आता एवढंच कळलं पाहिजे की चर कधीपासून पडायला लागला.

विजयमाला : आता तुटलेले कुठल्या पेटीतले?

अंकिता : गेल्या आठवड्यातल्या. पण दसऱ्यानंतरच्या पहिल्या पेटीतले बोल्ट बारा ट्रॉल्यांना बसलेत. त्या ट्रॉल्या परवाच बीडकडं गेल्यात, ऊसतोडीच्या टोळ्या आणायला. येताना त्यांच्यात माणसं असणार, आई. बायका, लेकरं, शेळ्या, भांडी. सगळं चार चाकांवर.

विजयमाला : थांबवा म्हणावं की त्यांना.

अंकिता : दादा म्हणतात, उगाच रस्त्यात थांबवलं तर मुकादम टोळी दुसऱ्याला देईल, आणि मग अख्खा हंगाम गेला. नक्की काय ते अर्ध्या तासात सांगा म्हणाले. पहिला बोल्ट स्वच्छ निघाला तर त्या बारा ट्रॉल्यांचं भय नाही. बोल्टला आकार देणारी डाय नंतर कधीतरी बिघडली असं धरता येईल.

विजयमाला : माजं हात ओलं हायत.

अंकिता : पुसा ना.

विजयमाला : ह्यांनी पलटण सोडून मशीन आणलं तवा उंब्रजची माणसं बघायला आली हुती. न तापवता लोखंडाला डोकं कसं येतंय म्हणून पैज लावली तात्याबांनी. वायर आत गेली, ठोका बसला, बोल्ट भायेर. मिनिटाला साठ. लेथवर निम्मं लोखंड चुऱ्यात जायचं, हितं चिमूटभर न्हाई. तात्याबा नुसतंच खाली वाकून बघत बसले, चुरा कुठं पडलाय म्हणून.

अंकिता : आई, अर्ध्या तासातली दहा मिनिटं गेली.

विजयमाला : सांगतीया नुसतं.

अंकिता : तुम्ही डबी का उघडत नाही?

(मशीन चालवणारा कृष्णात दारात चपला काढून उभा राहतो. हातात कागदात गुंडाळलेली डाय आहे.)

कृष्णात : वैनी, डाय काढली बघा. तोंडाशी टवका उडालाय. नख घालून बघा, कळतंय.

अंकिता : ही नवीन होती ना? दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसवलेली?

कृष्णात : व्हय. आन् बसवल्यावर त्याच दिवशी काढलेला शेवटचा बोल्ट हाय माज्याकडं. त्यो चकचकीत हाय. म्हंजी त्या दिवशी चांगली हुती.

अंकिता : मग एवढ्यात टवका कशानं उडेल? दहा लाख ठोके तरी टिकतात ना त्या.

(कृष्णात डाय परत कागदात गुंडाळू लागतो.)

अंकिता : कृष्णातदादा?

कृष्णात : डायवर पडणारं तेल बंद केलं हुतं मी.

अंकिता : काय?

कृष्णात : पूजेच्या वक्ताला. दरसाल करतो. काकी पुढं उभ्या असत्यात, नवी साडी असती, तेल उडतंय. दोन ठोकं कोरडं मारायचं आन् लगीच कॉक उघडायचा. बावीस वर्सं काय झालं न्हाई.

अंकिता : आणि या वर्षी?

कृष्णात : या वर्षी तुमी मोबाइलवर फिल्लम काढत हुता. म्हणला, दादा, अजून थोडं चालू ठेवा, बोल्ट पडताना नीट आला न्हाई. मग ठेवलं. तीस-चाळीस ठोकं झालं आसतील. लय तापली हुती डाय. वास आला हुता मला.

अंकिता : मला का नाही सांगितलंत?

कृष्णात : मालकीणबाईला काय सांगायचं, सणाच्या दिवशी.

अंकिता : म्हणजे पहिला ठोका चांगला असेल. चाळिसाव्यापर्यंत कधीतरी उडाला. आई, आता तरी बघू द्या.

विजयमाला : बघायचं काय कारण न्हाई.

अंकिता : म्हणजे?

विजयमाला : चर हाय त्याला.

अंकिता : तुम्ही आत्ता तर डबी उघडलीही नाही.

विजयमाला : दसऱ्यालाच बघितलाय. ह्यांनी घालून दिलंय, देवापुढं ठेवायच्या आधी डोक्याखाली नख फिरवायचं. एकतीस वर्सं फिरवलं. यंदा नख अडकलं.

कृष्णात : पयल्याच ठोक्याला?

विजयमाला : पयलाच म्हणून तू दिलास हातात, फिल्लम झाल्यावर. गरम हुता आन् कोरडा. दरसाल हाताला तेल लागतंय, यंदा न्हाई लागलं. मला वाटलं, माज्याच अक्षता आत पडल्या आसतील. तांदळाचा दाणा दाबला आसंल.

अंकिता : तांदळानं पोलाद फुटत नाही, आई.

विजयमाला : मला काय ठावं. सगळी हसत हुती, पाव्हणं पेढं खात हुतं. म्हणलं, आज नको बोलायला. उद्या सांगू. उद्या म्हणलं, आता तर पेट्या भरल्या.

अंकिता : पंधरा दिवस.

विजयमाला : व्हय. पंधरा दिवस रोज फूल वाहिलं त्याला. वीरला फोन लाव. मी बोलते.

अंकिता : काय सांगणार?

विजयमाला : जे हाय ते. वीर? आई बोलतीया. ट्रॉल्या थांबीव. बाराच्या बारा… व्हय, नक्की… मला ठावं हुतं म्हणून सांग धैर्यशीलला. माजं नाव घे. अंकिताचं न्हाई, कृष्णातचं न्हाई… मग तोडू दे संबंध. आधी ड्रायवर लोकांचं नंबर घे त्याच्याकडनं.

अंकिता : दादा स्वतः फोन करतायत सगळ्यांना. अर्धे आपण करायचे. यादी आली. कृष्णातदादा, हे तीन तुम्ही घ्या.

कृष्णात : ह्यातला तानाजी माज्या मेव्हणीचा पोरगा. त्योच पुढं आसतोय कायम.

अंकिता : माझे तिघे झाले, थांबलेत. एकजण बार्शीपाशीच आहे, रिकामाच. वीरचा मेसेज आलाय, दादांचेही झाले. तुमचा तानाजीच राहिलाय.

कृष्णात : वाजतोय. उचलंना.

विजयमाला : टेप लावला आसंल मोठ्यानं. ठेवू नगंस.

कृष्णात : ठेवत न्हाई, काकी.

विजयमाला : पुढच्या दसऱ्याला तेल चालू ठेव.

कृष्णात : तुमची साडी…

विजयमाला : भिजू दे.

कृष्णात : उचलला. तानाजी, टेप बंद कर आधी. कुठं हायस?… माणसं बसल्यात व्हय? किती?… बरं. आता मी सांगतो तसं कर. ब्रेक दाबू नगंस, नुसता वेग सोड. येऊ दे हळूहळू कडंला.

विजयमाला : उतरल्यात का विचार.

कृष्णात : थांबा, काकी. गाडी थांबली, उतरल्याली माणसं मोजाय लावलंय त्याला.