लॅपटॉप बोलेना

नोकरीच्या टेस्टसाठी पवईच्या एका ऑफिसात थांबलेल्या जान्हवीच्या शेजारी त्याच टेस्टला आलेली एक अंध मुलगी वडिलांसोबत बसली होती. तिच्या मांडीवरचा लॅपटॉप नेमका आत्ताच अपडेट होत होता.

"पप्पा, किती झालं?"

"मगासपासून नव्वद टक्क्यांवरच अडलाय. बंद करू?"

"नको हां, सगळंच जाईल."

"बघ, सुरू झाला! पण बोलत नाहीये गं. आता स्क्रीन कोण वाचून दाखवणार तुला?"

"आवाज बंद झालाय फक्त. थांबा, बटणं दाबून बघते."

जान्हवी वाकून बघू लागली. लॅपटॉप भराभर इंग्रजीत बोलू लागला.

"बोलला! काय म्हणतोय?"

"पासवर्ड मागतोय. पप्पा, तुम्ही जा आता कामावर. घरी मी एकटी येईन."

"एकटी? सपना, अगं..."

"रोज इथे नोकरीला यायचं तर आजपासून सवय नको?"