ओट्यावरचा वर्ग

(उदगीर. मे महिन्यातली संध्याकाळ. शिवप्पा मोंढ्यातल्या आडत दुकानातून नुकतेच घरी आले आहेत. घरात बायको रत्नम्मा आणि सून लिझेल.)

रत्नम्मा: तेवीस.

शिवप्पा: तेवीस पोरं? आपल्या ओट्यावर मावली?

रत्नम्मा: कुठली मावतात. अर्धी रस्त्यावर सतरंजी टाकून बसविली. त्यांच्या आया उभ्याच. सुट्टीतल्या वर्गाचा शेवटचा दिवस म्हणल्यावर सगळी गल्ली आली. तुम्हीच तेवढे दुकानात बसून राहिलात.

शिवप्पा: तुरीची गाडी आली होती.

रत्नम्मा: हाव. मे महिन्यात कुठली तूर.

शिवप्पा: बरं, सांग तर. काय काय झालं?

रत्नम्मा: लिझेल, तूच सांग मामांना.

लिझेल: मुलांनी आमच्या भाषेतले आकडे म्हटले. इसा, दालावा, तात्लो, असे वीसपर्यंत. मग हलत्या बांबूंच्या मधून उड्या मारायचा नाच केला. कुणाचाही पाय अडकला नाही. मग तुरोन खाल्लं. केळ्याला गूळ लावायचा, पातळ पोळीत गुंडाळायचं आणि तळायचं. आत्यांनी तळलं.

शिवप्पा: अन् प्रार्थना?

रत्नम्मा: अजून तेच?

शिवप्पा: मी न्हाई म्हणत. मोंढ्यात लोक म्हणत होते. आपल्या उमाशंकरनं कुवेतहून फिलिपिन्सची बायको करून आणली, अन् ती आता भाषेच्या नावाखाली पोरांना चर्चची प्रार्थना शिकवती म्हणं. नऊ पोरांतली सहा उठून गेली. मला त्याच लोकांत बसून धंदा करायचाय.

रत्नम्मा: म्हणून वर्ग भरायचा त्या वरच्या खोलीला कुलूप लावलंत. घरात कुणाला न विचारता.

शिवप्पा: तू तरी कुठं विचारलंस? दुसऱ्या दिवशी बघतो तर वर्ग ओट्यावर. भर रस्त्यासमोर.

रत्नम्मा: वर काय चाललंय ते दिसत नव्हतं, म्हणून लोक बोलले. खाली दिसलं. गल्लीतल्या शेषेरावची बायको भाजी घेऊन चालली होती, ती थांबली. तिची थोरली ऋतुजा तिकडंच फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकून राहिली ना, दावाओला. लिझेल पोरांना सांगत होती, चेहऱ्याला मुखा, मास्तरला गुरो, आशेला आसा. ही म्हणली, हे तर आपलेच शब्द हायत की. दुसऱ्या दिवशी धाकट्याला घेऊन आली. दोन दिवसांनी जावेची पोरं. मग कोण थांबतंय.

लिझेल: त्याच्या आधी मी घाबरले होते, मामा. तीनच मुलं राहिली, त्यात एक तुमची नात मंजुश्री. मी म्हटलं, आत्या, बंद करू. मंजूला घरात शिकवीन. आत्या म्हणाल्या, एकटं पोर भाषा शिकत नाही. भांडायला, खेळायला कुणी पाहिजे.

शिवप्पा: पण तुला काय एवढं पडलं होतं, रत्नम्मा? तुझी भाषा का ती?

रत्नम्मा: माझी भाषा कन्नड. बीदरहून या घरात आले तवा तुमच्या आईनं सांगितलं, इथं मराठीच बोलायचं. बोलले. लेकराला बी मराठीच शिकविली. माझी आई, माझी अव्वा यायची, उमाला मांडीवर घ्यायची अन् 'ऊटा आयता?' विचारायची. जेवलास का, एवढंच. तो माझ्या तोंडाकडं बघायचा. बारा वर्षं ती तेच विचारत राहिली. मेली, पण नातवानं तिला कधी उत्तर दिलं न्हाई. त्याला येतच नव्हतं.

शिवप्पा: हे तू कधी बोलली न्हाईस.

रत्नम्मा: आज बोलले.

शिवप्पा: मंजू बोलली का मग? तिच्या आजीशी?

लिझेल: बोलली. शेवटी बातांगासला माझ्या माहेरी व्हिडिओ कॉल लावला. मंजू नऊ वर्षांची झाली, पण माझी आई नुसती हात हलवायची आणि हसायची. आज मंजूनं तिला मोडक्यातोडक्या वाक्यांत दहा मिनिटं सांगितलं. शाळा, पडलेला दात, शेजारच्यांची म्हैस. मी एकही शब्द सुचवला नाही. आई आधी रडली. मग लगेच तिचे उच्चार दुरुस्त करायला लागली.

रत्नम्मा: मी बी बोलले विहीणबाईंशी.

शिवप्पा: तू?

रत्नम्मा: महिनाभर मागं बसून मग काय करत होते? 'कुमाइन ना पो बा कायो?' विचारलं. जेवलात का. त्यांनी काय काय खाल्लं ते समदं सांगितलं. मला त्यातला भात तेवढा कळला. कानिन. रस्त्यावरच्या बायांनी टाळ्या वाजविल्या. लई बरं वाटलं. लग्नात बी एवढं बरं वाटलं नव्हतं.

लिझेल: मामा, चहा आणते.

शिवप्पा: थांब. बस जरा. तुमच्यात 'माझं चुकलं' कसं म्हणतात?

लिझेल: पासेन्स्या ना पो. आईला फोन लावू? काही सांगायचंय तिला?

शिवप्पा: तिला न्हाई. परत एकदा सांग, हळू.

लिझेल: पासेन्स्या. ना. पो.

शिवप्पा: पासेन्स्या ना पो, लिझेल.

लिझेल: मामा, 'पो' मोठ्यांना लावतात. आपण 'जी' लावतो तसं. सुनेला नाही लावत.

शिवप्पा: राहू दे. लावलंय.