पट्टीवरची सर्वांत खालची रेघ

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे सगळे विभागप्रमुख, ज्यांच्यासाठी आज हे हारतुरे आलेत ते आमचे फेरीकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे वेल्डर, फिटर, रंगारी आणि कोरणारे सहकारी, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या आधी चार वक्ते बोलून गेले. काका शांत आहेत, सोशिक आहेत, कुणाला दुखवत नाहीत, असं सगळ्यांनी सांगितलं. मी आखणी विभागाची प्रमुख. बारा वर्षं या माणसाच्या समोरच्या टेबलावर काढली आहेत. तेव्हा मला विचाराल, तर या माणसाने माझ्या नाकी नऊ आणले. साहेब, तुम्ही हसताय, पण तुमचं टेबल तिसऱ्या मजल्यावर आहे.

पाहुण्यांसाठी आमचं काम सांगते. आम्ही आडव्या टाक्या करतो. पिंप आडवं ठेवल्यासारख्या, पण दोन मीटर उंच. आत किती तेल आहे हे बघायला वरून एक पितळी पट्टी सोडतात. पट्टी कुठवर ओली झाली ते बघायचं आणि तिथल्या रेघेवरचे लिटर वाचायचे. आता ही रेघ कुठे मारायची? निम्मी टाकी म्हणजे निम्मी उंची, हे कुणीही सांगेल. पण पाव टाकी म्हणजे पाव उंची नव्हे, कारण भिंती गोल आहेत. उंचीवरून लिटर काढायचं समीकरण आहे. पण लिटरवरून उंची काढायला गेलात की ते समीकरण काही केल्या सुटत नाही. त्याला सरळ उत्तरच नाही.

मग करायचं काय? अंदाज करायचा. आकडा समीकरणात घालायचा, उत्तर किती चुकलं ते मोजायचं, त्या चुकीच्या हिशेबाने अंदाज सुधारायचा आणि पुन्हा घालायचा. अशी एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. आकडा हलायचा थांबला की उत्तर आलं. काकांचं 'फेरीकाका' हे नाव यावरूनच पडलं. त्यांचं खरं नाव आज मानपत्रावर वाचलं तेव्हा मागच्या रांगेतून "हे कोण?" असा आवाज आला, तो मी ऐकला आहे.

बरं, पहिला अंदाज आपल्या मनाने करावा की नाही? नाही! खोलीत जो पहिला माणूस येईल त्याला विचारायचं. चहावाल्या मावशी ट्रे घेऊन आल्या की, "मावशी, हजार लिटरला किती उंची येईल?" मावशी म्हणायच्या, "मला काय कळतंय त्यातलं? एक वीत." झालं! काका लिहिणार, 'पहिला अंदाज: मावशी, एक वीत.' आमच्या दप्तरात आजही असे शेकडो कागद आहेत. एका पट्टीचा पहिला अंदाज तर काचा पुसायला आलेल्या माणसाचा आहे. मी एकदा चिडून विचारलं, "काका, चुकीचाच निघणार आहे तर लोकांना विचारता कशाला?" तर म्हणाले, "चुकीचा असला तरी चालतो गं. कुठूनतरी सुरुवात तर हवी."

शिवाय कागदावर खोडरबर चालवायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर लाल पेन्सिलीने एकच रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि सुधारलेला आकडा त्याखाली. तोवर पट्टीवर रेघा कोरणारे दारात उभे, रंगारी खोळंबलेले, गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय, आणि काका ढिम्म. "अजून एक फेरी." मी डोक्याला हात लावून बसायची. काकू मान हलवताहेत. घरीही हेच चालतं ना? भिंतीवर घड्याळ लावायला यांना अख्खा रविवार लागला होता, हे काकूंनीच मला सांगितलंय.

साहेब घड्याळ बघताहेत. आवरतेच, पण एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी खाली उतरणार नाही.

बारा वर्षांपूर्वी मी इथे नवी होते. तीन महिने झाले होते, नोकरी कच्ची होती. सहा महिने कुणाची तक्रार आली नाही तर कायम करू, असं पत्र होतं. काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि नेमकी एका मोठ्या बेकरीची टाकी निघाली. दहा हजार लिटरची, भट्टीच्या डिझेलसाठी. पट्टीवर शंभर रेघा. मी आकडेमोडीला बसले. मधल्या रेघांना दोन फेऱ्या केल्या, उत्तर जागचं हलेना. तिसरी करून पाहिली, तरी तेच. मला वाटलं, सापडलं! या म्हाताऱ्याने इतकी वर्षं सगळ्यांना उगाच ताटकळत ठेवलं. मग उरलेल्या सगळ्या रेघांना मी दोन-दोन फेऱ्या केल्या आणि कागद मिटला.

आता इथे आखणी विभागाचे लोक तोंडावर हात ठेवताहेत, कारण त्यांना कळलं घोडं कुठे पेंड खातं ते. टाकीच्या मध्यावर आकडा पटकन बसतो. तळाशी बसत नाही. तिथे गोलाई इतकी पसरट होते की अंदाज हळूहळू, रांगत खाली येतो. त्याला पाच-सहा फेऱ्या लागतात. शंभर लिटरची, म्हणजे सर्वांत खालची रेघ साडेसहा सेंटिमीटरवर हवी होती. माझी आली सव्वाचौदावर.

काका परतले ते एका डोळ्याला पट्टी बांधून. सहीशिवाय कागद कोरायला जात नाही हा नियम. मी कागद पुढे केला. त्यांनी विचारलं, "किती फेऱ्या केल्यास?"

मी म्हटलं, "पाच."

त्यांनी सही केली.

ते 'पाच' खोटं होतं, हे मी बारा वर्षांत, कालपर्यंत, कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याचा चेहरा तुम्हीच बघा.

पुढचं तुमच्यातल्या जुन्या लोकांना अर्धवट माहीत आहे. बेकरीवाल्यांनी पट्टी सोडली, ती शंभरच्या रेघेपर्यंत ओली. त्यांनी हिशेबाने नव्याण्णवशे लिटर मागवले. टाकीत प्रत्यक्षात होते तीनशे चौदा. वरचे दोनशे चौदा लिटर झाकणातून बाहेर आले, अंगणातून वाहत पिठाच्या कोठारात शिरले. चार दिवस भट्टी बंद. आणि सगळ्यांनी धरलं कुणाला? टँकरवाल्या मामांना! झोपला असेल, वेळेवर नळ बंद केला नसेल. त्यांना घरी बसवायचं ठरलंसुद्धा. मामा, तुम्ही आलात, बरं झालं. जरा हात वर करा. हे ते मामा.

काका बेकरीत गेले. मलाही सोबत नेलं. मी कोठाराकडे बघायचं टाळत होते. हे मात्र पायरीवर बसले, पावाची एक कागदी पिशवी उलटी केली आणि मामांना, ज्यांची नोकरी चालली होती त्या मामांना विचारतात काय, तर "अंदाज सांगा, शंभर लिटरला किती उंची?" मामा रडकुंडीला आलेले. म्हणाले, "असेल आठ सेंटिमीटर." काकांनी लिहिलं, 'पहिला अंदाज: टँकरवाले, आठ.' आणि केल्या फेऱ्या. साडेसहा. मामांचा नुसता अंदाज माझ्या दोन फेऱ्यांपेक्षा जवळचा निघाला, हे मला त्या दिवशीही झोंबलं आणि आजही झोंबतं.

चौकशी बसली. विचारलं, पट्टीचा कागद कुणाचा? काका म्हणाले, "सही माझी आहे." एवढंच! मामा सुटले. काकांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बढती कायमची थांबली. मी तिथेच, दारापाशी उभी होते. तोंडात मिठाची गुळणी धरून. तीन महिन्यांनी मी कायम झाले. आणि सात वर्षांनी विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती, ज्यांची व्हायला हवी होती त्यांना सोडून, मला मिळाली. त्या दिवसापासून हा माणूस मला 'मॅडम, तुम्ही' म्हणायला लागला. नियमाप्रमाणे! मला रोज सकाळी ते ऐकून ओरडावंसं वाटायचं.

रागवायचं ना हो काका! एकदा तरी! बारा वर्षांत एकदा तरी म्हणायचं की, पोरी, तुझ्यापायी माझं वाटोळं झालं. मी पाया पडले असते आणि मोकळी झाले असते. पण तुम्हाला कुणाला मोकळं करायची घाई कधी होती?

आता मुद्द्यावर येते. थोड्या वेळापूर्वी मानपत्र वाचलं गेलं. त्यात एक वाक्य आहे. 'एक अपवाद वगळता त्यांची सेवा निष्कलंक राहिली.' टाळ्यांमध्ये कुणाच्या लक्षात आलं नसेल. मी काल तो मसुदा बघितला आणि तशीच काकांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "हे वाक्य काढायला सांगा." तर टेबलाचा खण आवरता आवरता म्हणाले, "राहू द्या मॅडम. अपवाद झालाच होता."

"पण तो तुमचा नव्हता!"

"माझाच असं कुठे लिहिलंय त्यात?"

सांगा, अशा माणसाचं करायचं काय? माझा आवाज चढला. मी म्हटलं, "मी पाच सांगितल्या होत्या, पण केल्या दोनच." त्यांनी खण मिटला. म्हणाले, "माहीत आहे. खालच्या रेघेचा तुझा हिशेब अर्ध्या पानात संपला होता. पाच फेऱ्या अर्ध्या पानात मावत नाहीत. सही करताना मी बघितलं नाही, चौकशीच्या सकाळी बघितलं. न बघता सही केली, ही चूक माझीच की."

मला रडू यायला लागलं, ते चुकीच्या ओझ्यामुळे नव्हे. पाच वर्षांनी त्यांनी मला 'तू' म्हटलं म्हणून.

आणि त्यावर विचारतात, "तू बोलणार आहेस ना उद्या? किती मिनिटं लागतील, अंदाज सांग." मी नाक पुसत म्हटलं, दहा. त्यांनी तो लिहून ठेवलाय. खिशात असेल बघा.

साहेब, आता तुमच्या परवानगीने, आणि परवानगी नसेल तरीही. फ्रेमवाल्याला मी आज सकाळी मानपत्रावर काच बसवू दिलेली नाही. हात लावून बघा, कागद उघडा आहे. काका, जरा इकडे द्या. द्या म्हणते ना! ही लाल पेन्सिल तुमच्याच खणातली आहे. 'एक अपवाद वगळता', यावर ही एक रेघ. खालचं वाचता येतंय. आणि त्याखाली लिहिते, मोठ्याने वाचते, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल.

'फेरी दुसरी. अपवाद दोन. एक यांचा: सहकाऱ्यावर विश्वास ठेवून न बघता सही केली. एक माझा: दोन फेऱ्या करून पाच सांगितल्या आणि बारा वर्षं गप्प राहिले.' खाली माझी सही. आता साहेब, तुमची सही इथे, शेजारी. घाई नाही. आधी नीट वाचून घ्या, मग करा. ताकीद कुणाच्या नावावर जायला हवी तेही उद्या सकाळी ठरवा, मी वेळेवर हजर असेन.

काकू, यांना आता तुमच्या स्वाधीन करते आहे. बारा वर्षं तुमच्या घरात कमी आलेलं पुष्कळ काही माझ्याकडे आलं, ते परत कसं करायचं मला अजून उमगलेलं नाही. मामा, तुमच्याशी मी खाली उतरल्यावर बोलते. आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, ती त्यांना आता महागात पडल्यासारखी वाटत असेल, तरी त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ, काहींनी तर उभं राहून, ऐकलंत, तुमचेही आभार.

शेवटी वक्ते म्हणतात, बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्यावं. बाकी सगळ्यांना मीही तसंच म्हणते. पण काका, तुम्ही नाही. तुम्ही एकदा पदरात घेतलंत आणि त्याने माझी बारा वर्षं गेली. तुम्ही खिशातलं घड्याळ काढा, तो दहा मिनिटांच्या अंदाजाचा कागद काढा, आणि सगळ्यांसमोर मला सांगा, माझं किती चुकलं.