बाहेर काढणारी अंडी

डच लोकांकडे जेवायला जाल तर निघताना मराठीत बोलू नका, एवढंच सांगतो. आमचे बाबा सांगलीहून इथे अमेरिकेत नेपरव्हिलला आले होते, तेव्हा शेजारच्या डच यानने आम्हाला लंचला बोलावलं. ब्रेडवर चीज, त्याच्यावर दोन-दोन हाफ फ्राय. आमच्यासाठी हॅम कॅन्सल.

बाबांनी पदार्थाचं नाव विचारलं. यान हसत म्हणाला, "औटस्मायटर. म्हणजे बाहेर फेकणारा! पूर्वी रात्री पाहुणे हलेनात, की शेवटी हे वाढायचे. खा आणि घरी जा. आता आम्ही लंचलाच खातो."

मी मराठीत सांगितलं मात्र, बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे हा आपल्याला निघा म्हणतोय?"

"नाही हो बाबा, नुसतं नाव आहे."

"नाव काय उगाच पडतं?"

दोन घासांत प्लेट साफ करून बाबा उठले. यानला हात जोडून म्हणाले, "बरंय, येतो!"

यानने माझ्या मुलीकडे पाहिलं. सई इथेच जन्मलेली. ती लगेच म्हणाली, "ही सेज ही इज कमिंग."

यान गोंधळला. बाबांनी दारातून पुन्हा बजावलं, "येतो हं, येतो!"

यानने मान डोलावली आणि तो किचनमध्ये गेला. आम्ही बूट घालतोय, तोच आतून चर्र असा आवाज आला.

"आता काय करतोय हा?" बाबा म्हणाले.

म्हटलं, "बाबा, तुम्हाला परत बाहेर काढायची तयारी."